जिना परका, जोखीम कोणाची?

मराठीत 'पाय घसरणे' या शब्दप्रयोगाला दोन अर्थ आहेत. एक शरीराचा आणि दुसरा नीतीचा. या दोन अर्थांची सरमिसळ इतकी जुनी आहे की, एखादा माणूस ओल्या पायरीवरून खरोखरच घसरून पडला, तरी 'जरा बघून चालायला नको का?' हाच प्रश्न प्रथम कोणाच्याही तोंडी येतो. पडणाऱ्याची चूक गृहीत धरली जाते. पायरीची, पादत्राणाची, पडणाऱ्याच्या घाईची आणि ती घाई ज्याने लावून दिली त्या वेळापत्रकाची चौकशी मात्र कोणी करीत नाही. कारखान्यात यंत्रात हात सापडला तर पंचनामा होतो, निरीक्षक येतो, यंत्राला जाळी बसविण्याचा हुकूम निघतो. परंतु वीजमीटर वाचण्यासाठी तिसऱ्या मजल्यावर गेलेला माणूस उतरताना पडला आणि त्याचे मनगट मोडले, तर त्याच्या रजेच्या अर्जावर एक ओळ लिहिली जाते आणि विषय संपतो. त्याच जिन्यावरून दुसऱ्या महिन्यात दुसरा माणूस तशाच चपला घालून, तितक्याच घाईने चढत असतो.

फिरतीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांची संख्या थोडीथोडकी नाही. पोस्टमन आहेत, मीटर वाचणारे आहेत, गॅसचे सिलिंडर खांद्यावर घेऊन जिने चढणारे आहेत, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी आहेत, विम्याचे आणि बँकांच्या वसुलीचे लोक आहेत, आरोग्य खात्याच्या परिचारिका आणि आशा कार्यकर्त्या आहेत. घरपोच माल पोचविण्याचा धंदा वाढल्यापासून या यादीत तरुण मुलांची मोठी भर पडली आहे. मतदारयाद्या आणि जनगणना यांच्या कामाला जाणारे शिक्षक हे तर प्रसंगविशेषी याच वर्गात मोडतात. या सर्वांचे एक समान लक्षण असे की, त्यांचे कामाचे ठिकाण त्यांच्या मालकाच्या मालकीचे नसते. रोज नवा जिना, नवा उंबरठा, नवी फरशी. आणि म्हणूनच त्यांच्या पडण्याची जबाबदारी कोणाच्याच खात्यावर पडत नाही.

हा प्रश्न किरकोळ समजण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात. अनवधानाने होणाऱ्या इजांमुळे घडणाऱ्या मृत्यूंत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. या मृत्यूंपैकी ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. वैद्यकीय उपचार घ्यावे लागतील अशा पडण्याच्या घटना वर्षाला ३ कोटी ७० लाखांवर जातात. यांत वृद्धांचा वाटा मोठा आहे, हे खरे. परंतु पायरी काही वय विचारून घसरवीत नाही.

कायद्याची नजर चार भिंतींपर्यंत

आपल्या कामगार कायद्यांनी पडण्याचा विचार केलाच नाही, असे म्हणता येणार नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमातील ३२ वे कलम याच विषयाला वाहिलेले होते. फरशी, पायऱ्या, जिने, जाण्यायेण्याचे मार्ग मजबूत असावेत, त्यांवर पाय घसरेल असा पदार्थ असू नये, जरूर तेथे भक्कम कठडा असावा, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. मात्र हे कलम कारखान्याच्या आवारात लागू होते. फाटकाबाहेर पडणाऱ्या पायांची चिंता त्यात नव्हती.

अपघात झाल्यानंतरच्या भरपाईबाबत न्यायालयांनी मात्र उदार दृष्टी दाखविली. नोकरीची कक्षा कामाच्या जागेच्या थोडी मागेपुढे ताणता येते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली मिठागराच्या एका कामगाराच्या प्रकरणात मान्य केले. पुढे १९६३ साली, काम संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसमधून घरी निघालेल्या चालकाचा अपघाती मृत्यू हा नोकरीच्या ओघात झालेला मृत्यू होय, असा निर्णय दिला. कर्मचारी राज्य विमा कायद्यात २०१० साली कामावर जाता-येता होणाऱ्या अपघातांचा समावेश झाला आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ती तरतूद पुढे चालविली. नव्या चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. म्हणजे माणूस पडल्यानंतर त्याला किंवा त्याच्या वारसांना काय द्यावयाचे, याचा विचार फाटकाबाहेर कधीच पोचला आहे. त्याने पडू नये यासाठी काय करावयाचे, याचा विचार मात्र अजून फाटकाच्या आतच घुटमळतो आहे.

भरपाईच्या या जाळ्यालाही मोठमोठी भोके आहेत. १९२३ च्या भरपाई कायद्याने तीन दिवसांहून अधिक काळ अक्षम न करणाऱ्या इजेला भरपाई नाकारली होती. अपघाताची सूचना देण्याचे बंधन ४८ तास काम बंद पडले तरच लागू होते आणि ही ४८ तासांची रेषा नव्या संहितेनेही कायम ठेवली आहे. आशा कार्यकर्त्यांची गोष्ट तर आणखी निराळी. त्या कागदोपत्री कर्मचारीच नाहीत, स्वयंसेविका आहेत. केंद्राने २०१८ साली त्यांना पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत घेतले. तीत मृत्यू किंवा संपूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख आणि कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास १ लाख रुपये मिळतात. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली त्यांच्यासाठी अपघाती मृत्यूस १० लाख आणि कायमच्या अपंगत्वास ५ लाख रुपयांची तरतूद केली. ही पावले स्वागतार्हच आहेत. परंतु सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये राहणाऱ्या मनगटाला यांपैकी कोणत्याही तरतुदीत जागा नाही. ज्या बाईचा मोबदला केलेल्या कामागणिक ठरतो, तिच्या घरी त्या सहा आठवड्यांत काय शिजते, हा प्रश्न विमापत्रात बसत नाही.

दोष माणसाचा की पद्धतीचा?

कारखान्यातील मालाच्या दोषांबाबत शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न उभा राहिला होता. सदोष वस्तू निघाली की ती ज्याच्या हातून निघाली त्याला दंड करावयाचा, ही त्या वेळची रीत होती. अमेरिकेतील बेल टेलिफोन उद्योगसमूहात काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली एक साधा आलेख मांडून या रीतीला धक्का दिला. दोषांचे प्रमाण रोज थोडे खाली-वर होणारच. ते ठरावीक मर्यादेत हलत असेल तर त्याची कारणे पद्धतीतच रुजलेली असतात. मर्यादा ओलांडली गेली तरच त्या दिवशीचे काही विशेष कारण शोधावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे अनुयायी एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० साली हा विचार जपानी उद्योगपतींपुढे मांडला आणि पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. बहुतेक सर्व दोष, त्यांच्या अंदाजाने शंभरातील ९४, पद्धतीचे असतात व ती पद्धत बदलण्याचा अधिकार फक्त व्यवस्थापनाकडे असतो, असे डेमिंग यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले. हा विचार आपल्याला परका नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट स्वतः १९४७-४८ च्या सुमारास भारतात येऊन गेले होते. आपण तो विचार गिरण्यांच्या सुतापर्यंत नेला, माणसाच्या पायापर्यंत नेला नाही, एवढेच.

हा विचार पडण्याच्या घटनांना कसा लागू पडतो, हे पाहण्यासाठी एका काल्पनिक कार्यालयाचा हिशेब मांडावा. समजा, तेथे फिरतीवरचे ६० कर्मचारी आहेत. प्रत्येक जण दिवसाला ४० घरे आणि महिन्याचे २५ दिवस काम करतो. महिन्याला ६० हजार भेटी झाल्या. समजा, दहा हजार भेटींमागे एकदा कोणीतरी पडतो. म्हणजे प्रत्येक कर्मचारी सरासरी दहा महिन्यांतून एकदा पडतो. त्याच्या दृष्टीने हा निव्वळ योगायोग, नशिबाचा भाग, 'आज घरातून निघतानाच अपशकुन झाला' अशा सदरातला. कार्यालयाच्या दृष्टीने मात्र महिन्याला सहा आणि वर्षाला बहात्तर माणसे पडतात. जी गोष्ट वर्षाला बहात्तर वेळा घडते, तिला योगायोग म्हणत नाहीत. ती त्या कार्यालयाच्या कामाचीच एक नियमित निष्पत्ती असते. जसे वीजबिल तयार होते, तसे मोडलेले मनगटही तयार होते. फरक एवढाच की, बिलांची मोजदाद ठेवली जाते.

मोटोरोला कंपनीने १९८६ च्या सुमारास 'सिक्स सिग्मा' या नावाने जी पद्धत रूढ केली, तिचा मापदंड दहा लाख संधींमागे ३.४ दोष असा आहे. वरील कार्यालयाला तो लावला तर वर्षाला ७ लाख २० हजार भेटींमागे दोन-तीन माणसेच पडावयास हवीत. बहात्तर आणि अडीच यांमधील अंतर हे कोणाच्या बेफिकिरीचे माप नसून व्यवस्थेने न केलेल्या कामाचे माप आहे.

पाच टप्पे

या पद्धतीचे पाच टप्पे सांगितले जातात : प्रश्नाची नेमकी व्याख्या, मोजणी, विश्लेषण, सुधारणा आणि नियंत्रण. नावे भारदस्त असली तरी त्यांतील मर्म कोणत्याही चांगल्या शिक्षकाला ठाऊक असते. विद्यार्थी नापास का झाला, हे त्याला रागावून कळत नाही. त्यासाठी उत्तरपत्रिका उघडावी लागते.

पहिली अडचण व्याख्येचीच. 'अपघात' म्हणजे हाड मोडणे, अशी व्याख्या केली तर वर्षाला एखाददुसरी घटना हाती लागते आणि तेवढ्यावरून काहीच शिकता येत नाही. हर्बर्ट हाइनरिश या अमेरिकन विमातज्ज्ञाने १९३१ साली एक गुणोत्तर मांडले : एका गंभीर इजेमागे २९ किरकोळ इजा आणि इजा न झालेले ३०० प्रसंग. या आकड्यांवर पुढे बराच वाद झाला आणि अपघातांचा बहुतांश दोष कामगारांच्या वर्तनावर टाकण्याचा त्याचा निष्कर्षही आज कोणी डोळे मिटून स्वीकारीत नाही. परंतु इजा न करता गेलेले प्रसंग ही फुकट मिळालेली माहिती असते, हा त्याचा मुद्दा टिकून आहे. पाय सटकला पण कठडा हाती आला, ठेच लागली पण तोल सावरला, या प्रसंगांची नोंद झाली तर हाड मोडण्याची वाट पाहावी लागत नाही.

मोजणीच्या बाबतीत मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण उद्बोधक आहे. 'सिक्स सिग्मा'चे बिरुद त्यांना बाहेरच्यांनी चिकटविले. त्यांचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, ते शब्द जन्माला येण्यापूर्वीच, चालू होते. त्यांच्या अचूकतेचे एक साधे कारण असे की, डबा चुकला तर ते त्याच दुपारी कळते. भुकेलेले गिऱ्हाईक गप्प बसत नाही. चूक आणि तिची वार्ता यांत काही तासांचेच अंतर असते. फिरतीवरच्या कर्मचाऱ्याचा पाय घसरला तर ती वार्ता कोठेच पोचत नाही. तो स्वतः ती दडवितो, कारण सांगितले तर शेरा मिळेल, ही भीती असते. जेथे चुकीची वार्ताच पोचत नाही, तेथे सुधारणा कशाची होणार?

नोंद झाली की विश्लेषण फारसे अवघड नसते. जपानी कारखान्यांत 'का?' हा प्रश्न लागोपाठ पाच वेळा विचारण्याची प्रथा रूढ झाली. आशा कार्यकर्ती पायरीवरून पडली. का? पायरीवर शेवाळ होते. मग तिने कठडा का धरला नाही? एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात नोंदवह्यांची पिशवी होती. दोन्ही हात का गुंतले होते? पाठीवर घेण्याची पिशवी आणि पावसाळी अंगरखा तिला कोणी दिला नव्हता. मग पाऊस थांबेपर्यंत ती का थांबली नाही? त्या दिवशी माहिती भरून देण्याची अखेरची तारीख होती. तारीख महिनाअखेरचीच का? कारण तालुक्याच्या कार्यालयाने सर्व तक्ते एकाच दिवशी मागविले होते. पहिल्या 'का'ला उत्तर मिळाले ते शेवाळाचे, आणि शेवाळावर कोणाचाच अधिकार चालत नाही. शेवटच्या 'का'ला मिळाले ते तारखेचे, आणि तारीख एका परिपत्रकाने बदलता येते. चौकशी पहिल्याच प्रश्नावर थांबविण्याची आपली सवय किती महाग पडते, हे यावरून दिसावे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. वरील साखळी केवळ उदाहरणादाखल आहे. प्रत्येक कार्यालयाने आपली साखळी आपल्याच नोंदींतून शोधावयाची असते. कोकणात जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर जून ते सप्टेंबर शेवाळ धरते. शहरातील नव्या इमारतींत गुळगुळीत फरशीवर पाण्याचा पातळ थर असला की बुटाचा तळ फरशीला टेकतच नाही. जुन्या चाळींत जिन्यावरचा दिवा महिनोन् महिने गेलेला असतो आणि एखादी पायरी बाकीच्यांहून बोटभर उंच असते. विदर्भात आणि मराठवाड्यात काळ्या मातीचा चिखल तळव्याला चिकटून त्याची सगळी पकड नाहीशी करतो. सर्वांना एकच औषध लागू पडणार नाही. पण नोंदी एकत्र मांडल्या की, मोजक्या ठिकाणी आणि मोजक्या वेळी बहुतेक पडझड होते, असेच सामान्यतः आढळते. तेथूनच हात घालावयाचा असतो.

जिना परका, पण जोडा आपला

या साऱ्या विवेचनावर व्यवस्थापनाचे ठरलेले उत्तर असे असते : 'जिना आमचा नाही, मग आम्ही काय करणार?' या उत्तरात तथ्य आहे, पण अर्धेच. जिना परका असला तरी कर्मचाऱ्याच्या पायातील जोडा, खांद्यावरचे ओझे, दिवसाच्या भेटींची संख्या, जाण्याची वेळ, हातातील दिवा आणि धोका दिसल्यास परत फिरण्याची मुभा, या सहाही गोष्टी नेमणूक करणाऱ्याच्या हातातल्या आहेत. गिदो कॅलाब्रेसी यांनी १९७० साली अपघातांच्या अर्थशास्त्रावर लिहिलेल्या ग्रंथात एक कसोटी मांडली. जो पक्ष अपघात सर्वांत कमी खर्चात टाळू शकतो, त्याच्यावर त्याचा भार टाकावा, म्हणजे समाजाचा एकूण खर्च कमी होतो. या कसोटीला कर्मचारी उतरत नाही. त्याला वेळापत्रक बदलता येत नाही आणि तुटपुंज्या पगारात चांगले जोडे परवडत नाहीत. हजार घरमालकांना एकेक करून जिने दुरुस्त करावयास लावणे हेही व्यवहार्य नाही. उरतो तो नेमणूक करणारा. आज तोच या हिशेबात मोकळा आहे. कर्मचाऱ्याच्या मोडलेल्या हाडाचा खर्च त्याच्या ताळेबंदात दिसत नाही, म्हणून तो स्वस्त वाटतो. वस्तुतः तो खर्च कर्मचाऱ्याच्या घरातील दागिन्यावर, मुलाच्या फीवर आणि सरकारी रुग्णालयाच्या खाटेवर पडलेला असतो.

जोड्याचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण त्याला भक्कम पुरावा आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील ४,५५३ कर्मचाऱ्यांवर सात ठिकाणी केलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, न घसरणारे बूट पुरविलेल्या गटात पाय घसरण्याचे प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी आढळले. अमेरिकेतील तीन रुग्णालयांत १९९६ ते २००५ या दहा वर्षांत फरशी, पादत्राणे, दिवे, सांडलेले पाणी ताबडतोब पुसण्याची शिस्त अशा सर्व अंगांनी प्रयत्न झाले. तेथे पडण्यामुळे होणारे भरपाईचे दावे निम्म्याहून अधिक घटले. रुग्णालयाची फरशी आणि गल्लीतील पायरी एक नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. म्हणूनच आपल्या पायरीवर, आपल्या पावसात कोणता तळ टिकतो, याची चाचणी आपल्यालाच घ्यावी लागेल. मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था आहे आणि नवी मुंबईत राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालय आहे. १९६६ पासून काम करणाऱ्या या परिषदेच्या स्थापनेच्या दिवशी, ४ मार्चला, दरवर्षी सुरक्षा दिन साजरा होतो. त्या दिवशी शपथ घेण्याबरोबरच एखाद्या वर्षी पावसाळी चपलेच्या तळाची परीक्षा झाली, तर त्या शपथेला काही अर्थ येईल.

सर्वांत उत्तम सुधारणा मात्र जिना चढण्याची गरजच नाहीशी करणारी असते. टपाल खाते उंच इमारतींतील रहिवाशांना तळमजल्यावर पत्रपेट्या बसविण्याचा आग्रह धरते, तो याच जातीचा उपाय. विजेचे मीटर घराघरांतून काढून खाली एका खोलीत आणणे हाही तसाच. एका लाकडी पेटीने पोस्टमनचे वर्षभराचे हजारो जिने वाचतात आणि रहिवाशाला त्यासाठी फक्त दोन मजले उतरावे लागतात.

आक्षेपांचा विचार

या पद्धतीविषयी कर्मचाऱ्यांच्या मनात संशय आहे आणि तो निराधार नाही. कार्यक्षमतेच्या नावाखाली आलेल्या शास्त्रांनी कामगारांच्या हातात घड्याळ दिले आणि कामाचा वेग वाढविला, असा त्यांचा अनुभव आहे. ज्या मोजणीतून दिवसाला चाळीस घरांऐवजी पंचेचाळीस घरे काढली जातात, त्याच मोजणीतून त्यांच्या पायांची काळजी घेतली जाईल, यावर त्यांनी सहज विश्वास ठेवावा अशी अपेक्षा कशी करता येईल? यावर उपाय एकच. नोंदी कर्मचाऱ्यांच्याच समितीने ठेवाव्यात, त्या शिस्तभंगाच्या कारवाईसाठी वापरता येणार नाहीत असे लेखी द्यावे, आणि पहिली सुधारणा भेटींच्या संख्येत करावी.

दुसरा धोका आकड्यांच्या मोहाचा आहे. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली पैशाच्या धोरणाबद्दल जे निरीक्षण नोंदविले, ते येथेही तंतोतंत लागू पडते. ज्या मापावर नियंत्रणाचा भार टाकावा, ते माप विश्वासार्ह राहत नाही. 'शून्य अपघात' साधणाऱ्या विभागाला ढाल दिली की अपघात कमी होण्याऐवजी अपघातांच्या नोंदी कमी होतात. सुरुवातीच्या वर्षात नोंदी वाढल्या तर ती प्रगती मानावी. ज्या कार्यालयात कोणीच पडत नाही, तेथे कोणीच बोलत नाही, असा निष्कर्ष काढणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

तिसरा आक्षेप कागदांच्या ओझ्याचा. जी परिचारिका आधीच दहा नोंदवह्या भरते, तिच्या पिशवीत अकरावी घालणे हा सुधारणेचा विपर्यास होय. तारीख, ठिकाण, पायात काय होते, हातात काय होते, एवढ्या चार गोष्टी दौऱ्याच्या दैनंदिनीतच एका ओळीत मावतात. पाचव्या गोष्टीची गरज नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत कठीण आहे. जिना चढण्याची गरज संपविणारी सुधारणा कधीकधी जिना चढणाऱ्याची नोकरीही संपविते. दुरूनच वाचन देणारे मीटर आले की मीटर वाचणारा पडणार नाही, कारण तो असणारच नाही. सुरक्षिततेच्या नावाने अशी काटकसर खपविणे अप्रामाणिक आहे. वाचलेला खर्च किती आणि त्यातून त्याच माणसांना दुसरे काम काय दिले, याचा हिशेब दिल्याखेरीज त्या सुधारणेला 'सुरक्षितता' हे नाव घेण्याचा अधिकार नाही.

सुरुवात कोठून?

२०२७ च्या जनगणनेसाठी घरयादीच्या टप्प्याला एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा काळ आणि प्रत्यक्ष शिरगणतीसाठी फेब्रुवारी २०२७ हा महिना ठरविण्यात आला. या कामासाठी देशभरात सुमारे ३० लाख माणसे लागतील असे सरकारनेच सांगितले आणि त्यांत शिक्षकांचा भरणा मोठा. पन्नाशी ओलांडलेल्या शिक्षिकेला अनोळखी वस्तीतील अंधाऱ्या जिन्यांवर पाठविताना तिला प्रपत्र कसे भरावे याचे प्रशिक्षण दिले जाते. पाय कसा शाबूत ठेवावा, अंधार पडल्यावर वरच्या मजल्यावर जाऊ नये, धोक्याचा जिना दिसल्यास रहिवाशाला खाली बोलवावे आणि तसे केल्याबद्दल कोणी जाब विचारणार नाही, हे सांगणारी चार वाक्ये प्रत्येक प्रशिक्षणपुस्तिकेत असावयास हवीत. त्यांना छपाईखेरीज खर्च नाही. अशा मोठ्या मोहिमेत पडण्याच्या आणि थोडक्यात बचावण्याच्या घटनांची एका ओळीची नोंद ठेवली, तर फिरतीच्या कामातील पडझडीची एवढी मोठी माहिती प्रथमच हाती येईल.

राज्य शासनाला तर याहून अधिक करता येईल. एका पावसाळ्यापुरते, एका किनारपट्टीच्या आणि एका पठारावरच्या तालुक्यात, आरोग्य खात्याच्या फिरत्या कर्मचाऱ्यांना पाठीवरची पिशवी, पावसाळी अंगरखा आणि पकड असलेली पादत्राणे द्यावीत. महिनाअखेरीची एकच तारीख मोडून गावागणिक वेगवेगळ्या तारखा द्याव्यात. शेजारच्या दोन तालुक्यांत नेहमीची पद्धत चालू ठेवून चार महिन्यांनी नोंदी शेजारी शेजारी मांडाव्यात आणि उपाय उपयोगी ठरला तर त्या तालुक्यांनाही तो लगेच लागू करावा. आशांना स्वयंसेविका म्हणावे की कर्मचारी, हा वाद चालू राहील आणि तो लवकर सुटावा. पण जोडे देण्यासाठी त्या वादाचा निकाल लागण्याची गरज नाही. आणि जोपर्यंत त्या पडतात, तोपर्यंत तात्पुरत्या अक्षमतेच्या काळातील मोबदल्याची तरतूद विम्यात झालीच पाहिजे. तशी झाली म्हणजे त्यांच्या पडण्याचा खर्च प्रथमच खात्याच्या वहीत दिसू लागेल, आणि जो खर्च वहीत दिसतो तो कमी करण्याचे मार्ग प्रशासनाला आपोआप सुचू लागतात.

सरकार, महामंडळे आणि कंपन्या यांनी फिरतीवरच्या कर्मचाऱ्याला आजवर प्रवासभत्ता दिला. त्याने किती मैल कापले आणि किती घरे केली, हे तपासले. त्या मैलांत तो कितीदा पडला, हे विचारलेले नाही. कार्यालयाचे काम करताना जो पाय घसरतो, तो कार्यालयाच्या हिशेबात धरलाच पाहिजे. ती नोंद ठेवण्याची सुरुवात येत्या पावसाळ्यापूर्वी व्हावी.